काचेच्या महालातील मुले

अमेरिकी पत्रकार जीनेट वॉल्स यांचे ‘द ग्लास कॅसल’ हे आत्मकथन २००५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि पुढे कित्येक वर्षे तिथल्या सर्वाधिक खपाच्या पुस्तकांच्या यादीत राहिले. २०१७ मध्ये डेस्टिन डॅनियल क्रेटन यांनी त्यावर त्याच नावाचा चित्रपट दिग्दर्शित केला. ब्री लार्सनने मोठेपणीची जीनेट, वुडी हॅरलसनने तिचे वडील रेक्स आणि नाओमी वॉट्सने आई रोझ मेरी उभी केली आहे. दारूवरच्या कथा आपल्याला नव्या नाहीत. गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’पासून पिणारा नवरा आणि सोसणारी बायको मराठी प्रेक्षकाच्या चांगल्या ओळखीची आहेत. ‘द ग्लास कॅसल’ मात्र सगळी गोष्ट मुलांच्या बाजूने सांगतो. घरात दारूच्या आहारी गेलेला बाप असला की मुलांचे काय होते, हे समजून घ्यायला हा चित्रपट उपयोगी पडतो. त्यातल्या एका प्रसंगाची नक्कल मात्र कुणी घरी करू नये, आणि तो प्रसंगही समजून घेण्यासारखा आहे.

हुशार, प्रेमळ आणि व्यसनी

रेक्स हा खलनायक नाही. तो बुद्धिमान आहे, गप्पिष्ट आहे, मुलांना विज्ञान आणि आकाशातील तारे शिकवतो. नाताळात भेटवस्तूंसाठी पैसे नसतात तेव्हा तो प्रत्येक मुलाला आकाशातील एकेक तारा निवडायला सांगतो. जीनेट शुक्र मागते. तो तारा नसून ग्रह आहे, हे ठाऊक असूनही बाप तो तिला देऊन टाकतो. एक दिवस आपण सूर्याच्या ऊर्जेवर चालणारा काचेचा महाल बांधू, असे तो मुलांना सांगत राहतो. त्याचे आराखडेही त्याच्याकडे तयार असतात.

हाच माणूस घरखर्चाचे पैसे दारूत घालवतो, नोकऱ्या गमावतो, देणेकऱ्यांना चुकवण्यासाठी कुटुंबाला घेऊन रातोरात गाव सोडतो. तीन वर्षांची जीनेट एकटीच गॅसजवळ उभी राहून खायला करत असते. तिच्या कपड्यांना आग लागते, ती गंभीर भाजते आणि काही आठवडे रुग्णालयात राहते. बाप तिला बिल न भरताच तिथून पळवून नेतो. शेवटी हे कुटुंब वेस्ट व्हर्जिनियातील वेल्च या खाणकामगारांच्या गावी एका पडक्या घरात येऊन राहते. महालाच्या पायासाठी मुले उत्साहाने खड्डा खणतात. हळूहळू त्या खड्ड्यात घरातला कचरा साठत जातो.

वडील कायमच वाईट वागत असते, तर मुलांना त्यांच्यापासून मनाने दूर होणे एका अर्थी सोपे गेले असते. व्यसनी पालकाच्या घरात तसे होत नाही. सकाळी गोष्ट सांगणारा बाप संध्याकाळी वस्तू फेकतो आणि दुसऱ्या दिवशी रडून माफी मागतो. माया मिळते, पण ती केव्हा मिळेल हे मुलाच्या हातात नसते. अशी अधूनमधून मिळणारी माया माणसाला फार घट्ट बांधून ठेवते, हे वर्तनशास्त्रात पूर्वीपासून माहीत आहे.

मग मूल अंदाज घ्यायला शिकते. दाराची कडी कशी वाजली, पावले सरळ पडतात की अडखळतात, आवाज किती चढा आहे, यावरून आजची रात्र कशी जाणार ते त्याला कळते. धोक्याच्या वेळी शरीरात अ‍ॅड्रेनॅलिन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरके वाढतात. प्रसंग टळला की ती खाली यावीत, अशी निसर्गाची व्यवस्था आहे. रोजच पहारा द्यावा लागणाऱ्या मुलाच्या शरीराला ही उसंत कमी मिळते. त्याची झोप बिघडते, वर्गात लक्ष लागत नाही. बाह्यरुग्ण विभागात अशी मुले दारूची तक्रार घेऊन येत नाहीत. ती वारंवार पोटदुखी, डोकेदुखी, अंथरुणात लघवी होणे, अचानक घसरलेले गुण अशा तक्रारी घेऊन येतात. सगळ्या तपासण्या नॉर्मल येतात आणि औषध बदलत राहते.

वेळेआधी मोठी झालेली मुले

चित्रपटात एका रात्री रेक्स जखमी होऊन येतो आणि लहान जीनेटला आपली जखम सुई-दोऱ्याने शिवायला सांगतो. ती घाबरते, पण शिवते. तो तिचे कौतुकही करतो. हा प्रसंग अंगावर येतो तो रक्तामुळे नव्हे. त्या घरात कोण कुणाचा पालक झाला आहे, हे तिथे उघड दिसते.

बाप पितो, आई त्याला सांभाळण्यात किंवा त्याच्यापासून पळण्यात गुंतलेली असते. रोझ मेरी आपल्या चित्रांमध्ये हरवलेली आहे. मग थोरले मूल धाकट्यांना जेवू घालते, शाळेत पाठवते, घरातले पैसे लपवते, बाटल्या ओतून टाकते, शेजाऱ्यांना खोटी कारणे सांगते. बाहेरचे लोक त्याला ‘किती समजूतदार’ म्हणतात. ही शाबासकी मुलाला हवीहवीशी वाटते आणि त्याच्या पायातली बेडीही होते, कारण समजूतदार मुलाला तक्रार करण्याची सोय नसते.

१९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत या मुलांकडे समुपदेशकांचे लक्ष गेले. क्लॉडिया ब्लॅक यांनी अशा घरांतील तीन न बोललेले नियम नोंदवले : बोलायचे नाही, विश्वास ठेवायचा नाही, भावना दाखवायच्या नाहीत. शेरन वेगशायडर-क्रूझ यांनी मुलांच्या वाट्याला येणाऱ्या भूमिका सांगितल्या. एक मूल घराची अब्रू राखणारे, एक सगळा दोष अंगावर घेणारे, एक कुणाच्या नजरेत न येणारे आणि एक सगळ्यांना हसवणारे. ही निरीक्षणे उपचार करताना आलेल्या अनुभवावर आधारलेली आहेत. प्रयोगाने सिद्ध झालेला नियम म्हणून ती घेऊ नयेत. मुले एका साच्यात बसत नाहीत आणि एकच मूल वेगवेगळ्या वयात वेगळे वागते. तरीही या वर्णनांचा एक फायदा आहे. गुण उत्तम, वागणे उत्तम असलेले मूलही घरी होरपळत असू शकते, याची ती आठवण देतात.

पलंगाला बांधलेला बाप

आत्मकथनात जीनेटच्या दहाव्या वाढदिवसाचा प्रसंग आहे. काय भेट हवी, असे वडील विचारतात आणि ती भीतभीत म्हणते की, त्यांनी दारू सोडावी. रेक्स शब्द देतो, खोलीत जाऊन स्वतःला पलंगाला बांधून घेतो आणि पुढचे कित्येक दिवस थरथरतो, किंचाळतो, भ्रमात बडबडतो. चित्रपटातही मुलीच्या विनंतीवरून बापाने स्वतःला असे बांधून घेतल्याचे दृश्य आहे. प्रेक्षकाला ते शौर्य वाटते. वैद्यकीय दृष्टीने तो माणूस मरणाच्या दारात पडलेला असतो.

दारू मेंदूतील शांत करणारे संदेश वाढवते आणि उत्तेजित करणारे संदेश दाबते. अनेक वर्षे रोज दारू मिळाल्यावर मेंदू तोल साधण्यासाठी उत्तेजनाची बाजू वाढवून ठेवतो. अशा वेळी दारू एकदम बंद केली की ब्रेक निघालेल्या गाडीसारखी त्याची अवस्था होते. शेवटच्या घोटानंतर ६ ते २४ तासांत हात थरथरणे, घाम, मळमळ, बेचैनी, छातीत धडधड सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत फेफरे येऊ शकते. साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी काही रुग्णांमध्ये ‘डेलिरियम ट्रेमेन्स’ ही गंभीर अवस्था येते. ताप, वाढलेला रक्तदाब, दिवस-रात्र आणि माणसे न ओळखणे, भिंतीवर किडे किंवा साप दिसणे अशी तिची लक्षणे असतात. उपचार न मिळाल्यास यात मृत्यू होण्याचे प्रमाण मोठे आहे. वेळेवर योग्य उपचार मिळाल्यास ते ५ टक्क्यांच्या खाली येते.

उपचार अवघड किंवा महागडे नाहीत. डायझेपाम, लोराझेपाम, क्लोरडायझेपॉक्साइड यांसारखी औषधे डॉक्टरांच्या देखरेखीखाली देऊन हळूहळू कमी केली जातात. थायामिन म्हणजे ‘बी-१’ जीवनसत्त्वाची इंजेक्शने दिली जातात, कारण त्याच्या अभावी मेंदूला कायमची इजा होऊ शकते. शरीरातील पाणी, क्षार आणि साखर सांभाळावी लागते. ही सोय जिल्हा रुग्णालये आणि वैद्यकीय महाविद्यालयांत उपलब्ध असते. रोज भरपूर पिणाऱ्या माणसाने ‘उद्यापासून बंद’ म्हणून घरात कोंडून घेणे आणि घरच्यांनी त्याला बांधून ठेवणे जिवावर बेतू शकते. पूर्वी कधी दारू थांबवल्यावर फेफरे आले असेल, तर रुग्णालयाबाहेर हा प्रयत्न करूच नये. थरथर सुटलेली असताना ‘थोडी दारू पाजा म्हणजे बरे वाटेल’ हा सल्लाही कामाचा नाही.

मुलीची भेट वाया का गेली?

रेक्स त्या दिवसांतून वाचतो. काही काळ तो पीत नाही, घरात आनंद येतो. मग कुटुंब ग्रँड कॅन्यन पाहायला निघते, वाटेत वाळवंटात गाडी बंद पडते आणि कुणा अनोळखी बाईच्या गाडीतून सगळ्यांना घरी परतावे लागते. रेक्स त्यानंतर नाहीसा होतो. काही दिवसांनी तो येतो तो पिऊनच.

ही जागा वैद्यकीय दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहे. शरीरातून दारू उतरवणे हा उपचाराचा पहिला आठवडा झाला. ओढ मेंदूत शिल्लक राहते आणि अपमान, अपयश, जुने मित्र, पगाराचा दिवस अशा निमित्तांनी ती उफाळून येते. म्हणून नंतर कित्येक महिने समुपदेशन, बचतगटासारख्या नियमित भेटणाऱ्या ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’च्या सभा, नैराश्य असेल तर त्यावर उपचार आणि गरजेप्रमाणे औषधे लागतात. नाल्ट्रेक्सोन आणि अ‍ॅकॅम्प्रोसेट ही औषधे पुन्हा पिणे टाळायला मदत करतात. रेक्सला यांपैकी काहीच मिळाले नाही. त्याच्याकडे फक्त इच्छाशक्ती होती आणि ती एका बिघडलेल्या गाडीपुरती टिकली. त्याचे स्वतःचे बालपणही अत्याचाराचे गेले असावे, असे कथेत सूचित होते. त्या जखमेलाही कुणी हात लावला नव्हता.

डायसल्फिराम या आणखी एका औषधाबद्दल इशारा द्यायला हवा. ते घेतल्यावर दारू प्यायली तर उलट्या, धडधड आणि रक्तदाब एकदम खाली जाणे असा त्रास होतो. रुग्णाला सगळे समजावून, त्याच्या संमतीनेच ते द्यायचे असते. ‘त्याला न कळता जेवणात मिसळा’ असे सांगून विकल्या जाणाऱ्या गोळ्या आणि पावडरींपासून दूर राहावे. रुग्णाला माहीत नसताना असे औषध पोटात गेले आणि वर त्याने दारू घेतली, तर मृत्यूही ओढवू शकतो.

मुलीला मात्र यातले काही माहीत नसते. तिने मागितले, बाबांनी प्रयत्न केला आणि ते पुन्हा प्यायले. आपणच कमी पडलो, आपण पुरेसे आवडत नाही, असा निष्कर्ष मूल काढते. पालकांच्या प्रत्येक वागण्याचे कारण लहान मूल स्वतःत शोधते. म्हणून ‘तुझ्यासाठी तरी सोडतील, तू सांगून बघ’ असे मुलाला पुढे करणे चुकीचे आहे. हरण्याची जबाबदारीही मग त्याच्यावरच येते. मुलाच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेल्या शपथांनाही हेच लागू पडते. व्यसनी व्यक्तींच्या नातेवाइकांसाठी १९५१ मध्ये सुरू झालेल्या ‘अल-अनॉन’ संघटनेत तीन गोष्टी सुरुवातीलाच शिकवल्या जातात. हा आजार आपण निर्माण केलेला नाही, आपण त्यावर ताबा ठेवू शकत नाही आणि आपण तो बरा करू शकत नाही. दहा वर्षांच्या मुलालाही कळेल इतक्या या सोप्या आहेत.

वारसा किती, अटळ किती?

अमेरिकेत कैसर परमनंट ही आरोग्यसंस्था आणि तिथले रोगनियंत्रण केंद्र यांनी सॅन दिएगोत केलेला अभ्यास १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. व्हिन्सेंट फेलिटी आणि रॉबर्ट अँडा हे त्याचे प्रमुख होते. १७ हजारांहून अधिक प्रौढांना त्यांच्या बालपणाविषयी विचारण्यात आले. बहुतेक जण शिकलेले, आरोग्य विमा असलेले मध्यमवर्गीय होते. तरीही सुमारे एकचतुर्थांश लोक दारू किंवा अमली पदार्थांचे व्यसन असलेल्या घरात वाढलेले निघाले. मारहाण, दुर्लक्ष, घरातील व्यसन, मानसिक आजार अशा प्रतिकूल अनुभवांची संख्या जितकी जास्त, तितका पुढच्या आयुष्यात नैराश्य, व्यसन, आत्महत्येचा प्रयत्न, इतकेच नव्हे तर हृदयविकार आणि यकृताच्या आजाराचाही धोका जास्त, असे त्यात दिसले.

व्यसनाचा कल काही अंशी आनुवंशिकही असतो. जुळ्यांच्या अभ्यासांवरून हा वाटा जवळपास निम्मा धरला जातो. मार्क शुकिट यांनी सॅन दिएगोतच व्यसनी वडिलांच्या तरुण मुलांना ठरावीक प्रमाणात मद्य देऊन पाहिले. इतरांच्या तुलनेत त्यांच्यापैकी अनेकांना नशा कमी जाणवली. ज्यांना ती कमी जाणवली, त्यांच्यात पुढे व्यसन जास्त आढळले. ‘मला चढतच नाही’ ही आपल्याकडे फुशारकी समजली जाते. ज्याचे वडील व्यसनी होते, त्याच्यासाठी ती सावध होण्याची खूण आहे. मेंदू थांबण्याचा इशाराच उशिरा देत असेल, तर माणूस जास्त पितो. अशा घरात वाढलेल्यांनी दारूला हातच न लावणे हा सर्वांत सुरक्षित मार्ग आहे.

याची दुसरी बाजू तितकीच खरी आहे. हवाई बेटांपैकी कवाई बेटावर १९५५ मध्ये जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर आणि रूथ स्मिथ यांनी अनेक दशके मागोवा घेतला. त्यांतील ४९ मुलांचे पालक व्यसनी होते. अठराव्या वर्षापर्यंत त्यांपैकी ४१ टक्के मुलांना गंभीर अडचणी आल्या, ५९ टक्के मुले मात्र सावरलेली होती. बिकट परिस्थितीतून तरून गेलेल्या मुलांच्या आयुष्यात बहुधा एखादे खात्रीचे मोठे माणूस होते : आजी, मावशी, शिक्षक, शेजारी. जीनेट सतराव्या वर्षी न्यूयॉर्कला निघून गेली, शिकली आणि पत्रकार झाली. तिच्या बाबतीत आधी निघून गेलेली थोरली बहीण हा तो आधार होता. त्या दोघींनी साठवलेले पैसेही बापाने एकदा लंपास केले होते.

यश मिळाले म्हणजे सगळे संपले असेही नाही. चित्रपटातील मोठेपणीची जीनेट उंची कपड्यांत वावरते आणि रस्त्यावर राहणाऱ्या आई-वडिलांबद्दल लोकांशी खोटे बोलते. ‘बोलायचे नाही’ हा नियम तिने इतक्या दूरवर सोबत आणलेला असतो. शेवटी ती मृत्युशय्येवरच्या वडिलांना भेटते. चित्रपटाने बापाला जरा जास्तच माफ केले, अशी टीका त्या वेळी झाली होती आणि ती रास्त आहे. माफ करणे ही बरे होण्याची अट नाही. काही जण माफ करतात, काही अंतर ठेवून जगतात आणि दोघांनाही बरे वाटू शकते.

मुलांसाठी काय करता येईल?

केंद्र सरकारने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार देशात सुमारे १६ कोटी लोक दारू पितात आणि त्यांपैकी ५ कोटी ७० लाख लोकांना त्यासाठी मदतीची गरज आहे. त्यांच्या घरातील मुले या आकड्यात मोजलेली नाहीत. त्या मुलांसाठी पुढील गोष्टी करता येतात.

मुलाशी खरे बोलावे. ‘बाबांना बरे नाही’ असे मोघम सांगण्यापेक्षा ‘बाबांना दारूचा आजार आहे, तो तुझ्यामुळे झालेला नाही आणि त्यावर डॉक्टर उपचार करतात’ असे त्याच्या वयाला कळेल अशा शब्दांत सांगावे. 

जेवण, अभ्यास, झोप यांच्या वेळा शक्य तितक्या सांभाळाव्यात. पिऊन आलेल्या माणसाशी त्याच रात्री वाद घालू नये. मुलाला मध्यस्थ, हेर किंवा बाटली आणणारा निरोप्या करू नये.

मारहाणीची भीती असेल तर कुणाच्या घरी जायचे, कुणाला फोन करायचा, हे आधीच ठरवून मुलाला सांगून ठेवावे. पिऊन गाडी चालवणाऱ्याच्या मागे मुलाने कधीही बसू नये.

पिणाऱ्याने उपचार नाकारले तरी घरच्यांनी स्वतःसाठी मदत घ्यावी. ‘टेलि-मानस’ची १४४१६, व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मुलांसाठी १०९८ या मोफत दूरध्वनी सेवा आहेत. पुण्यात १९८६ पासून काम करणाऱ्या ‘मुक्तांगण’सारख्या केंद्रांत कुटुंबीयांनाही मार्गदर्शन मिळते. मोठ्या शहरांत ‘अल-अनॉन’च्या सभा भरतात.

शिक्षकांनी गुण घसरलेल्या मुलासोबत अतिशहाण्या, गप्प मुलाचीही चौकशी करावी. त्याला सगळे सांगायला भाग पाडू नये. वाटेल तेव्हा येऊन बोलता येईल, एवढा भरवसा द्यावा.

आणि डॉक्टरांनी यकृताची सूज किंवा दारू थांबवल्याने फेफरे घेऊन आलेल्या रुग्णाच्या केसपेपरवर किती वर्षे पितो, किती पितो, हे लिहितानाच आणखी एक ओळ लिहावी : घरात मुले किती, त्यांची वये काय आणि आज ती कुणाजवळ आहेत.